पेनसिल्व्हेनियाचे पूल : जे उरले, जे गेले

अमेरिकेच्या ग्रामीण भागाचं चित्र काढायचं म्हटलं की चित्रकार हमखास एक लाल लाकडी पूल काढतो. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर आणि दोन्ही टोकांना गाडी आत शिरेल एवढी दारं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी धान्याचं कोठार उचलून ओढ्यावर आडवं ठेवलंय. पेनसिल्व्हेनिया राज्यात असे पूल आजही दोनशेच्या आसपास आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. एकेकाळी इथे ते दीड हजारांच्या घरात होते, असं मानलं जातं.

पुलाला छप्पर कशाला, याची उत्तरं तिथे गावागणिक वेगळी मिळतात. घोडे खालचं पाणी पाहून बुजतात म्हणून. पावसात सापडलेल्या वाटसरूला आसरा म्हणून. तरुण जोडप्यांना चार क्षण आडोसा मिळावा म्हणून. पुलावर बर्फ साठू नये म्हणून. यातलं बर्फाचं उत्तर तर वस्तुस्थितीच्या नेमकं उलट आहे. हिवाळ्यात तिथली वाहतूक घसरगाड्यांवर चाले आणि घसरगाडीला खाली बर्फ लागतो. छपरामुळे पुलाचा तळ कोरडा राही, म्हणून बाहेरचा बर्फ फावड्यांनी आत आणून पसरावा लागे. हे काम करायला माणसं पैसे देऊन ठेवलेली असत.

खरं उत्तर ज्याने पूल बांधला त्या सुताराकडे आहे. फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवरचा मार्केट स्ट्रीटचा पूल १ जानेवारी १८०५ रोजी वाहतुकीला खुला झाला. तो बांधणारा टिमोथी पामर मॅसॅच्युसेट्सचा. पूल खुला झाला तेव्हा त्यावर छप्पर नव्हतं. पण पूल कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी आग्रह धरला, की एवढा पैसा पाण्यात उभा केलाय तर तो झाकून घेऊ. पामरचा हिशेब सरळ होता : उघडा लाकडी पूल दहा-बारा वर्षं निघेल, झाकलेला तीस-चाळीस. त्याच वर्षी पूल झाकला गेला आणि अमेरिकेतला पहिला मोठा छपराचा पूल म्हणून त्याची नोंद झाली. पामरचा अंदाज फारच सावध होता. पुढे याच पुलाचं रुंदीकरण करून त्यावरून रूळ नेले गेले आणि १८७५ साली तो गेला तो आगीत, कुजून नव्हे.

छप्पर आणि भिंती काढून टाका. मग जे उरतं तो खरा पूल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाड वाशांच्या दोन उंच कैच्या उभ्या असतात आणि मधला रस्ता त्यांच्या आधाराने पेललेला असतो. आपल्याकडे कौलारू घराच्या आढ्याखाली जी कैची असते, तिचंच हे मोठं भावंड. नुसती तुळई दोन काठांवर टेकवली तर मध्ये वाकते आणि जितकी लांब तितकी जास्त वाकते. त्रिकोणाचं तसं होत नाही. त्याची एखादी बाजू तुटल्याशिवाय किंवा सांधा निसटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून पूल बांधणारे त्रिकोणाला त्रिकोण जोडत जातात. त्यातल्या काही वाशांवर दाब येतो, काहींवर ताण, आणि सगळा भार सरकत सरकत काठावरच्या दगडी आधारापर्यंत पोचतो.

या रचनेचा जीव सांध्यांत असतो. खाचा पाडून एकात एक बसवलेल्या आणि लाकडी खुंट्या ठोकून पक्क्या केलेल्या या सांध्यांत पावसाचं पाणी शिरलं की ते तिथेच राहतं. उघड्यावरचा सपाट वासा ऊन पडल्यावर वाळतो, खाचेतलं लाकूड वाळत नाही. तिथे बुरशी धरते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा पूल आतून पोकळ होतो. पाऊस तिरका येतो, म्हणून नुसतं छप्पर पुरत नाही, भिंतीही लागतात. भिंतीच्या फळ्या कुजल्या तर दर काही वर्षांनी बदलता येतात, कैची बदलणं म्हणजे नवा पूल बांधणं. थोडक्यात, स्वस्त लाकूड भिजवून महाग लाकूड कोरडं ठेवायचं, एवढाच यातला व्यवहार आहे. घोडे, वाटसरू आणि जोडपी यांचा फायदा झाला तो वरकड.

एकदा लाकूड कोरडं राहणार अशी खात्री पटल्यावर पूल बांधणाऱ्यांची हिंमत वाढली. १८१२ साली लुईस वेर्नवॅग या जर्मनीत जन्मलेल्या कारागिराने फिलाडेल्फियातच फेअरमाउंटपाशी ३४० फुटांचा एकच गाळा टाकला. मधे एकही खांब नाही. लोक त्या पुलाला कोलॉसस, म्हणजे महाकाय, म्हणू लागले. १८३८ साली तो जळाला.

पण या राज्यावर खरी छाप आहे ती थिओडोर बर याची. कनेक्टिकटमध्ये जन्मलेल्या या माणसाने कैचीला लाकडी कमान जोडली. कमान एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि तिला दोन्हीकडून बिलगलेली कैची. यातला कोण किती भार उचलतो, याचा नेमका हिशेब कागदावर मांडणं आजच्या अभियंत्यालाही कटकटीचं जातं. बरला तो हिशेब मांडायचाच नव्हता. एक थकलं तर दुसरं सावरेल, हे त्याला पुरेसं होतं. १८१७ साली त्याने या रचनेचं पेटंट घेतलं आणि पेनसिल्व्हेनियातले बहुतेक छपराचे पूल त्याच रचनेवर बांधले गेले.

बरची गाठ पडली ती सस्क्वेहाना नदीशी. ही नदी राज्याच्या उत्तरेकडून दक्षिणेला वाहते. बहुतेक ठिकाणी ती रुंद, उथळ आणि खडकाळ आहे. हिवाळ्यात ती गोठते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ फुटला की घराएवढ्या लाद्या एकमेकींवर चढत, खरवडत खाली येतात. पूल बांधायला यापेक्षा वाईट नदी शोधून सापडली नसती. मॅकॉल्स फेरी या ठिकाणी मात्र ती अरुंद खिंडीतून जाते आणि इतकी खोल होते की मधे खांब घालायची सोय नव्हती. तिथे बरने ३६० फुटांची कमान टाकायचं ठरवलं. कमानीचे भाग काठालगत तराफ्यांवर जोडले. १८१५ च्या हिवाळ्यात नदीत बर्फाचे ढीग अडकून बसले, तेव्हा आजूबाजूच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून ते भाग बर्फावरूनच ओढत नेले आणि जागेवर बसवले. त्या काळात लाकडाची इतकी लांब कमान अमेरिकेत दुसरी नव्हती. ज्या बर्फाच्या पाठीवरून ती नेली, त्याच बर्फाने १८१८ च्या मार्चमध्ये ती मोडून नेली. एकाच वेळी अनेक पुलांची कामं अंगावर घेतलेला बर कर्जात बुडाला आणि १८२२ साली याच नदीकाठच्या मिडलटाउन गावी वारला. त्याची कबर कुठे आहे, हे आज कुणाला माहीत नाही.

याच नदीवर थोडं वर कोलंबिया आणि राइट्सव्हिल ही दोन गावं समोरासमोर आहेत. त्यांच्या मधल्या पात्रात गेल्या दोनशे वर्षांत जे घडलं, ते पाहिलं की पुलांच्या शत्रूंची यादी वेगळी करावी लागत नाही. पहिला पूल १८१४ साली झाला. लांबी ५,६९० फूट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर. इतका लांब छपराचा पूल जगात त्याआधी नव्हता आणि त्यानंतरही झाला नाही. १८३२ च्या फेब्रुवारीत बर्फाने तो नेला.

दुसरा १८३४ मध्ये उभा राहिला, पहिल्यापेक्षा थोडाच आखूड, ५,६२० फुटांचा. या पुलावर गर्दी पाहावी! आत गाड्यांचा रस्ता. बाहेरच्या अंगाला खेचरांसाठी वाट, कारण कालव्यातल्या नावांना नदी ओलांडायची असे आणि त्या नावा दोर बांधून खेचरं ओढत. पुढे यातूनच रूळही गेले. आता इंजिन म्हणजे ठिणग्या आणि पूल म्हणजे वाळलेल्या लाकडाचा पावणेदोन किलोमीटरचा बोगदा. त्यामुळे इंजिन काठावर सोडायचं, डब्यांना जनावरं जुंपायची, पलीकडे गेल्यावर दुसरं इंजिन जोडायचं, अशी पद्धत होती. रेल्वेच्या इतिहासातली ही एक अजब सोय म्हटली पाहिजे.

ठिणगीची एवढी काळजी घेतलेला हा पूल अखेर मुद्दाम पेटवून दिला गेला. यादवी युद्धात जनरल ली यांचं दक्षिणेचं सैन्य जून १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात घुसलं. त्यातली जनरल जॉन गॉर्डन यांची तुकडी २८ जूनला राइट्सव्हिलला पोचली. पूल हाती लागला असता तर नदीपलीकडचं लँकेस्टर आणि मागच्या बाजूने राजधानी हॅरिसबर्ग, दोन्हींचा रस्ता मोकळा झाला असता. पुलाचं रक्षण करणाऱ्या उत्तरेच्या स्थानिक शिपायांमध्ये कृष्णवर्णीयांचीही एक तुकडी होती. कर्नल जेकब फ्रिक यांनी माघार घेताना आधी सुरुंगाने एकच गाळा पाडायचा प्रयत्न केला. सुरुंग उडाले, गाळा पडला नाही. मग तेल ओतून आग लावली. वारा असा होता की ठिणग्या राइट्सव्हिल गावावर जाऊन पडल्या आणि घरं पेटली. तेव्हा जे सैन्य गाव जिंकायला आलं होतं, तेच रांग लावून बादल्यांनी घरं विझवू लागलं. त्यानंतर तीनच दिवसांनी गेटिसबर्गची लढाई सुरू झाली. पुलाची मालकी कोलंबियातल्या बँकेकडे होती. तिने भरपाईसाठी सरकारकडे बराच काळ दाद मागितली, पैसे मिळाले नाहीत.

तिसरा पूल पुन्हा छपराचाच. तो १८९६ च्या वादळाने पाडला. चौथा १८९७ चा, पोलादाचा, पेनसिल्व्हेनिया रेल्वेने बांधलेला. त्याला ना बर्फाने नेलं, ना आगीने, ना वाऱ्याने. त्याचा उपयोग संपला आणि १९६० च्या दशकात तो भंगारात गेला. त्याचे दगडी खांब मात्र अजून पात्रात ओळीने उभे आहेत आणि शेजारून १९३० चा काँक्रीटचा पूल वाहनं नेतो आहे.

रेल्वे कंपन्यांना लाकडाची अडचण लवकर कळली. आग होतीच, पण त्याहून मोठी अडचण वजनाची होती. बैलगाडी दोनशे वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढीच नंतरही राहिली. रेल्वेची इंजिनं मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी आणखी अवजड होत गेली. हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला रॉकव्हिल इथे पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १८४९ साली लाकडी पूल बांधला, एका रुळाचा. १८७७ मध्ये त्याजागी लोखंडी आला, दोन रुळांचा. पंचवीस वर्षांत तोही अपुरा पडला. तेव्हा मुख्य अभियंते विल्यम ब्राउन यांनी जे केलं ते त्या काळात अनेकांना मागासलेलं वाटलं असणार. पोलाद स्वस्त झालेलं असताना त्यांनी दगड निवडला. बाहेरून घडीव दगड, आत काँक्रीट. सत्तर-सत्तर फुटांच्या ४८ कमानी, ३,८२० फूट लांबी, वर चार रूळ. हा पूल मार्च १९०२ च्या अखेरीस खुला झाला. दगडी कमानींचा इतका लांब रेल्वेपूल जगात दुसरा नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीच्या पुराने हॅरिसबर्गमधला बरचा जुना लाकडी पूल मोडला होता. उंटाच्या पाठीसारख्या चढउतारामुळे त्याला गावात कॅमलबॅक म्हणत.

रॉकव्हिलचं सगळं आलबेल आहे असंही नाही. १९९७ साली त्याच्या एका बाजूची भिंत ढासळली आणि कोळशाने भरलेले डबे घसरले. पण कमानी हलल्या नाहीत. दुरुस्ती झाली, वाहतूक सुरू राहिली.

दगडावर विश्वास टाकणारे ब्राउन पहिले नव्हते. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात लेन्सबरो गावी स्टारुका नावाचा ओढा आहे. ओढा छोटा, दरी मोठी. ईरी रेल्वेला १८४८ संपायच्या आत ती ओलांडायची होती आणि कंत्राटदार हात टेकत होते. शेवटी एडिंबरोहून आलेल्या जेम्स कर्कवुड यांनी काम घेतलं, खर्चाकडे कंपनीने पाहू नये या अटीवर. कंपनीने पाहिलं नाही. सुमारे आठशे मजूर, जवळच्या खाणीतला निळसर दगड, १७ कमानी, हजार फुटांहून जास्त लांबी आणि शंभर फूट उंची. खर्च ३,२०,००० डॉलर. तोवरचा बहुधा सर्वांत महाग रेल्वेपूल. त्यावेळच्या इंजिनांच्या मानाने हा दणकटपणा अतिरेकी होता. तोच आता उपयोगी पडतोय : त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या अशा वजनाच्या मालगाड्या पावणेदोनशे वर्षांनंतर त्याच कमानींवरून जातात.

मला यातून एक गोष्ट दिसते. पूल टिकायला दोन वाटा आहेत. एकतर त्याच्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवू नये, म्हणजे आडगावच्या रस्त्यावर तो तसाच राहतो. नाहीतर बांधणाऱ्याने गरजेच्या कितीतरी पट जास्त माल त्यात घालावा. मधले, म्हणजे हिशेबाने नेमके बसवलेले पूल, सर्वांत आधी जातात. अभियंता हे ऐकून नाराज होईल, कारण नेमका हिशेब हाच त्याच्या विद्येचा अभिमान. पण पेनसिल्व्हेनियाचा अनुभव असा आहे.

दणकटपणाचीही एक किंमत असते, ती जॉन्सटाउनने मोजली. ३१ मे १८८९ च्या दुपारी या गावाच्या वर चौदा मैलांवरचं साउथ फोर्क धरण फुटलं. ते धरण एका श्रीमंतांच्या क्लबचं होतं. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद. मासेमारीसाठी तळं हवं म्हणून ठेवलेल्या या धरणाची डागडुजी नीट झालेली नव्हती. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीत उतरलं. वाटेत कॉनेमॉ नदीवर ७८ फूट उंचीचा जुना दगडी रेल्वेपूल होता. त्याच्या कमानीत वाहून आलेली झाडं अडकली आणि काही मिनिटं पूल स्वतःच धरण झाला. मग तो फुटला आणि अडलेलं पाणी नव्या जोराने निघालं.

जॉन्सटाउनच्या खालच्या टोकाला पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा सात कमानींचा दुसरा दगडी पूल होता. हा फुटला नाही. घरं, डबे, झाडं, जनावरं, माणसं आणि तारेच्या कारखान्यातून आलेली मैलोगणती काटेरी तार, असं सगळं त्याच्या तोंडाशी येऊन थटलं. जवळपास तीस एकरांवर हा ढिगारा पसरला. त्यात अडकलेली काही माणसं जिवंत होती. संध्याकाळी ढिगारा पेटला. पुरातून वाचून पुलापर्यंत आलेली निदान ऐंशी माणसं तिथे जळून मेली. पुराचे एकूण बळी २,२०९. ढिगारा इतका गच्च गुंतलेला होता की अखेर तो सुरुंग लावून फोडावा लागला. पूल मोडला असता तर काय झालं असतं, यावर तिथे आजही वाद घालता येतो. ढिगाऱ्यातल्यांचं काय झालं असतं आणि खालच्या गावांचं काय झालं असतं, ही दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. तो पूल अजून उभा आहे आणि त्यावरून गाड्या जातात.

आता नेमक्या हिशेबाचा पूल. राज्याच्या उत्तरेला किंझुआची खोल दरी आहे. कोळसा, लाकूड आणि तेल उत्तरेला न्यायचं तर दरीला वळसा घालून आठ मैलांचा जास्तीचा मार्ग टाकावा लागणार होता. ईरी रेल्वेने दरीवरूनच जायचं ठरवलं. मुख्य अभियंते होते ऑक्टेव्ह शानूत, जे पुढे विमानविद्येत रमले आणि राइट बंधूंचे मार्गदर्शक झाले. पोकळ लोखंडी खांबांचे मनोरे आणि त्यावर रूळ, अशी ही रचना १८८२ साली अवघ्या ९४ दिवसांत उभी राहिली. उंची ३०१ फूट, लांबी २,०५३ फूट. त्या वेळी जगात इतका उंच रेल्वेपूल नव्हता. स्टारुकाशी तुलना केली तर दरी तिप्पट खोल, लांबी दुप्पट, आणि माल मात्र कितीतरी कमी. वारा सुटला की पूल डुले. गाडीने ताशी पाच मैलांपेक्षा वेगाने जायचं नाही, असा नियम होता.

इंजिनं जड झाली, तेव्हा १९०० साली सगळं लोखंड उतरवून त्याच जागी पोलादी पूल उभा केला. पाये जुनेच ठेवले. मनोऱ्यांना पायाशी जखडणारे १८८२ चे लोखंडी बोल्टही जुनेच ठेवले. नव्या मनोऱ्यांना ते पुरेनात, म्हणून त्यांना जोड देऊन लांबवलं. त्यावेळी ही काटकसर शहाणपणाची वाटली असेल. १९५९ मध्ये रेल्वेने हा मार्ग सोडला. मोडीत निघालेला पूल राज्याने घेतला, भोवती उद्यान केलं आणि १९८७ पासून पर्यटकांची वाफेची गाडी त्यावरून जाऊ लागली. २००२ मध्ये तपासणीत पोलाद फार गंजल्याचं दिसलं आणि पूल बंद झाला. दुसऱ्या वर्षी दुरुस्तीचं काम सुरू होतं. २१ जुलै २००३ रोजी दुपारी हवा बिघडली म्हणून कामगार निघून गेले आणि थोड्याच वेळात चक्रीवादळ दरीतून आलं. ते फार मोठं नव्हतं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर मैलांच्याही आतला. तरी जेमतेम अर्ध्या मिनिटात वीसपैकी अकरा मनोरे पायापासून उचलले गेले आणि आडवे झाले. चौकशीत कारण निघालं ते जुने जोड दिलेले बोल्ट. एकशे एकवीस वर्षांचं लोखंड गंजून आणि हिसके खाऊन तिथेच तुटलं होतं.

राज्याने पूल पुन्हा बांधला नाही आणि पडलेले मनोरेही उचलले नाहीत. २०११ मध्ये उरलेल्या मनोऱ्यांवर पायवाट केली. तिच्या टोकाला काचेची जमीन आहे आणि खाली सव्वादोनशे फुटांवर दरीत वाकडं झालेलं पोलाद पडलेलं दिसतं. पूल उभा असतानापेक्षा तो आज जास्त शिकवतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तर तिथे न्यायलाच हवं.

पोलादाचे मनोरे उभारण्याची ही विद्या पेनसिल्व्हेनियातून आपल्या बाजूलाही आली होती. लोकमान्य टिळकांमुळे मंडाले हे नाव मराठी माणसाला पाठ आहे. त्या मंडालेहून लाशिओकडे जाणाऱ्या रेल्वेवर गोक्तेक नावाची दरी आहे. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. तीनशे फुटांहून उंच अशा या पुलाचं काम ब्रिटिश कारखान्यांना न मिळता हॅरिसबर्गजवळच्या पेनसिल्व्हेनिया स्टील कंपनीला मिळालं. तुकडे तिकडे घडले, बोटीने आले आणि १९०१ च्या सुमारास इकडे जोडले गेले. पुढच्या दशकात खुद्द पेनसिल्व्हेनियात पोलादाचा मान काँक्रीटने घेतला. निकल्सन गावाजवळ टंकहॅनॉक ओढ्यावरचा १९१५ चा पूल २,३७५ फूट लांब आणि २४० फूट उंच आहे. काँक्रीटचं इतकं अजस्र बांधकाम रेल्वेने त्याआधी कुठेही केलेलं नव्हतं. तोही दणकटांच्या रांगेतला आणि तोही चालू आहे.

मग ते लाल लाकडी पूल कसे उरले? सर्वांत जास्त उरले ते लँकेस्टर जिल्ह्यात, पंचवीसहून अधिक. हा आमिश लोकांचा मुलूख. हे लोक धर्मश्रद्धेपोटी मोटारी बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात आणि शेती करतात. शेतांच्या मधून जाणाऱ्या त्यांच्या रस्त्यांवर फार मोठे पूल बांधायची निकड कुणाला भासली नाही. इथले अनेक पूल इलायस मॅकमेलन या एकाच कंत्राटदाराचे. हा यादवी युद्धात कॅप्टन होता. त्याने १८६७ साली बांधलेला पाइनटाउनचा पूल १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने काठावरून उचलला. दुसऱ्या वर्षी आमिश सुतारांनी तो पुन्हा जोडून पहिल्यापेक्षा उंचावर बसवला. खुंट्यांनी जोडलेल्या लाकडाचा हा मोठा गुण : मोडलं तरी पुन्हा जुळवता येतं. गेटिसबर्गजवळचा सॅक्स पूल घ्या. १८६३ च्या लढाईत दोन्ही बाजूंचं सैन्य यावरून गेलं. याची रचना बरची नाही, इथिएल टाउन या वास्तुकाराची आहे. त्याने जड वासे टाळून फळ्यांची तिरपी जाळी विणली, म्हणजे साध्या सुतारालाही पूल बांधता यावा. १९९६ च्या पुराने हा पूल पायावरून सरकवला. तोही परत जागेवर बसवला, आज तो फक्त पादचाऱ्यांसाठी आहे.

उरलेल्यांपैकी कित्येकांच्या तळाखाली आता पोलादी तुळया घातलेल्या असतात. मोटारींचा भार त्या घेतात आणि वरची लाकडी कैची नुसती स्वतःला सांभाळते. जुन्या पुलांचे काही चाहते यावर रागावतात, म्हणतात हा पूल नव्हे, पुलाचा देखावा. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. कैचीने भार घ्यावा हे उत्तम. पण तुळया नसत्या तर यातले बरेच पूल पाडून काँक्रीटचा मोरीवजा पूल घालायला कुणी वेळ लावला नसता. उंच ट्रक दारात घुसून छप्पर फोडतात, कधी कुणी मौजेखातर आग लावतो, त्यातून जे वाचलंय ते वाचू द्यावं.

मुलाबाळांकडे न्यू जर्सीला किंवा फिलाडेल्फियाला जाणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता मोठी आहे. त्यांना एक सुचवतो. फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला जाणारी अ‍ॅमट्रॅकची ‘पेनसिल्व्हेनियन’ ही गाडी रोज असते. हॅरिसबर्ग सोडल्यावर ती लगेच रॉकव्हिलच्या ४८ कमानींवरून सस्क्वेहाना ओलांडते आणि जॉन्सटाउनचं स्टेशन सोडल्यावर त्याच सात कमानींच्या दगडी पुलावरून जाते. लँकेस्टरही याच मार्गावर आहे. लाल पूल पाहायचे असतील तर तिथे उतरून गाडी भाड्याने घ्यावी लागते. पूल अरुंद असतात, समोरून बग्गी येत असेल तर आधी तिला जाऊ द्यावं.